शेणखत हिवाळ्यात खाचरात नको, गायरीत ठेवा

भातकापणी झाली की गोठ्यातले शेण मोकळ्या खाचरात नेऊन ढीग मारायची पद्धत कोकणात सर्रास दिसते. वाट कोरडी असते, माणसे मोकळी असतात, म्हणून ते सोयीचे वाटते. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे ते खत घेणारे पीकच नसते. उघड्या ढिगातला नत्र उन्हावाऱ्यात अमोनिया होऊन उडतो. राहिलेल्यातला काही पहिल्या सरींनंतर नायट्रेट, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारा नत्र, बनतो. मग खाचर तुंबले की तो वायुरूपाने निघून जातो, त्यात तापमान वाढवणारा नायट्रस ऑक्साइडही असतो. उताराच्या जांभ्या जमिनीत तोच नायट्रेट झिरपून विहिरीला लागतो. वरचा चोथा गढूळ पाण्याबरोबर वहाळात आणि तिथून खाडीत जातो. थंड देशांत गोठलेल्या जमिनीवरचे खत बर्फ वितळताना वाहून जाते, म्हणून युरोपीय संघाच्या 1991च्या नायट्रेट नियमांत खत टाकण्यास बंदीचा काळ ठरवावा लागतो. आपल्याकडे बर्फाचे काम जूनचा पाऊस करतो.

हिवाळ्यातले शेण गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात भरा. खड्डा 1 मीटर खोल, दीड ते 2 मीटर रुंद, लांबी गुरांच्या संख्येप्रमाणे. जागा उंचवट्यावर, विहिरीच्या खालच्या अंगाला आणि निदान 30 मीटर दूर. जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे तळ चिकणमाती आणि शेणाने ठोकून घ्या, नाहीतर गोमूत्रातला नत्र आणि पालाश तळातूनच जाईल. शेण आणि मुतात भिजलेला पेंढा यांचा थर, त्यावर वीतभर सुका पाला, असे भरत जा. नाकाला झोंबणारा वास आला तर पाला कमी पडला आहे. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. भरल्यावर वरून शेणमातीने लिंपा आणि झाप टाका. जानेवारीअखेर भरलेली गायरी मे अखेरीला कुजून तयार होते.

नारळाची बाग जवळ असेल तर गायरी महिन्यातून एकदा उकरून बघाच. गेंड्या भुंगा कुजत्या शेणात अंडी घालतो. जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचून मारा, किंवा खतात मेटारायझियम बुरशी मिसळा.

भातासाठी हेक्टरी 10 टन, म्हणजे गुंठ्याला 100 किलो, 20 किलोच्या पाच पाट्या. मे अखेरीस पसरा आणि त्याच दिवशी नांगराने मातीत गाडा. पसरून ठेवलेले खत संध्याकाळपर्यंत पडू देऊ नका. वहाळाकडेची 3 मीटर पट्टी सोडा, बांधाची भगदाडे आधी बुजवा आणि चिखलणीनंतर दोन-चार दिवस खाचराचे पाणी बाहेर सोडू नका. अर्धकच्चे शेण तुंबलेल्या खाचरात गेले तर मिथेन वाढतो, रोपेही पिवळी पडतात.

हिवाळ्यात खत लागतेच ते कलिंगड आणि भाजीला. कलिंगडाच्या आळ्यात 2 ते 3 किलो कुजलेले खत मातीत मिसळा. ओलाव्यावरच्या वाल-कुळथाला नवे खत नको, ही पिके मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र घेतात.

गायरी विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर पावसाळ्यात पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसे प्रमाण वाढते, म्हणून तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असे पाणी मुळीच वापरू नका.