पावसाळ्यात कार्बन फायबरच्या पॅचला फोड येत होते, ते असे थांबले

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये कार्बन-इपॉक्सी पॅनेलची, म्हणजे कार्बन धाग्यांचे थर इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट रेझिननं जोडून केलेल्या पॅनेलची, दुरुस्ती जुलैत हटकून बिघडायची. पॅच १२० अंशांवर क्युअर केला, म्हणजे तापवून घट्ट केला, की खाली फोड. सगळे रेझिनवर खापर फोडत होते. मला संशय पाण्याचा.

इपॉक्सी हवेतला दमटपणा हळूहळू पितं. कार्बनचा धागा पाणी घेत नाही, पण कापलेली कड उघडी असली की ओल धाग्यालगत आत शिरते. शंभर अंशांपुढे तिची वाफ होते आणि थर उचलले जातात. शिवाय ओल्या रेझिनचं ग्लास ट्रान्झिशन तापमान उतरतं, म्हणजे गरम झाल्यावर ते लवकर मऊ पडतं. सुकवलं की हे बरंचसं भरून येतं. धागा आणि रेझिनमधली सुटलेली पकड मात्र नाही.

मग पॅनेलसोबत तितकीच ओल खाल्लेला त्याच लॅमिनेटचा (थर जोडून केलेल्या साहित्याचा) तुकडा ७० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवला. रोज तुकड्याचं वजन करायचं, ते उतरायचं थांबलं की मगच पॅच. फोड गेले. घाईनं तापमान वाढवू नका, सुकवतानाच फोड येतील. शेवटी कडा इपॉक्सीनं बंद केल्या. मालकांना ओव्हनचं वीजबिल तेवढं अजून खुपतं.