अण्णांचा कॅन्सर आणि महिन्याचं गणित

अण्णांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडात गेल्याचं कळलं तसं भावकीनं विचारलं, "एकूण किती लागतील?" हिशोब असा मांडू नका. या दुखण्यात पैसा महिन्या-महिन्याला जातो, आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षं. म्हणून डॉक्टरांना महिन्याचा खर्च विचारा.

त्याआधी विचारा, इंजेक्शन की ऑपरेशन? उपचाराचा पाया म्हणजे पुरुषी हार्मोन बंद करणं. ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन महिन्याला नाहीतर तीन महिन्याला घ्यावं लागतं. अंडकोष काढायचं ऑपरेशन छोटं, एकदाच. हार्मोन दोन्हींनी खाली येतं. अण्णा म्हणाले, "या वयात ठेवून काय करायचंय?" आई पदराआड हसली. एखाद्याला नाही सोसत, मग इंजेक्शन घ्यावं. पण ठरवायचं पेशंटनं, पोरांनी नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम उपचाराआधीच करा. ती कॅशलेस आहे. खिशातून भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला गाठा आणि पॅकेजमध्ये कोणतं औषध बसत नाही तेही विचारून घ्या. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिवकडच्यांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जवळ.

खरा खड्डा पडतो गोळ्यांत. ॲबिराटेरोन म्हणजे हार्मोन आणखी दाबणारी गोळी. २५० मिलिग्रॅमच्या रोज चार, म्हणजे महिन्याला १२०, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. आमच्या तालुक्याच्या मेडिकलवाल्यानं डबीवरची एमआरपी दाखवून "दहा टक्के सोडतो" म्हणत उपकार केले. कंटेंट तोच, कंपनी दुसरी, तर होलसेलवाल्यानं निम्म्याहून कमी सांगितले! चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं नाव लिहून घ्या आणि चार ठिकाणी फोन करा. ही गोळी उपाशीपोटी असते. जेवणासोबत एकच गोळी देण्यावरही अभ्यास झालेत. चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा, मनानं कमी करू नका.

एसटीत पंचाहत्तरीपुढं तिकीट नाही, बायकांना अर्धं. आमच्यात पूर्ण तिकीट माझंच. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, गावाजवळ, एकाच लॅबमध्ये, दवाखान्यात जायच्या आधी करा. नाहीतर रिपोर्टसाठी मुक्काम पडतो. महागडा स्कॅन लिहून दिला तर विचारा, "याच्यानं औषध बदलणार का?" आमच्या डॉक्टरांना राग आला नाही, एक स्कॅन त्यांनीच पुढं ढकलला.