मूल दत्तक घेताना: कायदा कोणता, कार्यालय कोणते आणि वकील कशासाठी

दत्तक घेण्याचा विचार पक्का झाला की बहुतेक कुटुंबे आधी वकील गाठतात आणि कागदपत्रे काय लागतील एवढेच विचारतात. त्याआधी सोडवायचा प्रश्न वेगळा असतो: मूल कोण देत आहे? जन्मदाते आईवडील स्वतः देत आहेत, की मूल अनाथ, टाकून दिलेले किंवा बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणासाठीची सरकारी समिती) आईवडिलांनी स्वाधीन केलेले आहे, की ते घरातच वाढत असून आईच्या दुसऱ्या पतीला त्याचे कायदेशीर वडील व्हायचे आहे, यावर कायदा ठरतो. कायद्यावरून कार्यालय ठरते आणि वकिलाचे काम किती हेही त्यातूनच उलगडते. चुकीच्या वाटेने झालेले दत्तक त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. ते पुढे पासपोर्टच्या अर्जात किंवा वारसनोंदीच्या वेळी उघडे पडते, आणि तेव्हा त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

भारतात आज प्रामुख्याने दोन कायदे यासाठी वापरले जातात. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांपुरता आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मात्र धर्म पाहत नाही. अनाथ, टाकून दिलेल्या व स्वाधीन केलेल्या बालकांचे दत्तकविधान याच कायद्याने आणि केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, याच्या २०२२ च्या नियमांनुसार होते. गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू असल्यामुळे तिथल्या कुटुंबांनी महाराष्ट्रातला दत्तकपत्राचा मसुदा जसाच्या तसा उचलू नये. आधी स्थानिक वकिलाशी बोलावे.

दत्तकपत्राची वाट

भावाचे किंवा बहिणीचे मूल घेणारी हिंदू कुटुंबे सहसा १९५६ च्या कायद्याने जातात. इथे आईवडील स्वतः मूल देत असतील तर न्यायालयाच्या आदेशाची गरज नसते. परंतु अटी काटेकोर आहेत. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. मुलगी घ्यायची असेल तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घेताना दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे. विवाहित पुरुषाला पत्नीची संमती लागते आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर विवाहित स्त्रीही पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेऊ शकते. देणाऱ्यांच्या बाजूलाही हाच समतोल आहे: आई किंवा वडील, कोणीही मूल देऊ शकते, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय नाही. घटस्फोट झाला म्हणून ही संमती आपोआप सुटत नाही, हे अनेक जण विसरतात.

मुलाने वयाची १५ वर्षे पूर्ण केलेली नसावीत आणि त्याचा विवाह झालेला नसावा, असे कायदा सांगतो; मात्र रूढी असेल तर अपवाद आहे. जुन्या मुंबई प्रांतात मोठ्या वयाच्या, अगदी विवाहित व्यक्तीलाही दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. तिचा आधार घ्यायचा असेल तर दत्तकपत्रात तिचा स्पष्ट उल्लेख करावा.

या वाटेवर वकिलाचे खरे काम मसुद्यात आहे. दत्तक हे कागदाने होत नाही. मूल प्रत्यक्ष देण्याने आणि घेण्याने होते. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचे होमहवन, आवश्यक नाही, पण आईवडिलांनी मूल उचलून घेणाऱ्यांच्या मांडीवर ठेवणे, ओटीत घालणे, असा काहीतरी विधी झालेला असावा आणि तो साक्षीदारांनी पाहिलेला असावा. म्हणून मसुद्यात ‘अमुक तारखेस, अमुक ठिकाणी, खाली सही करणाऱ्या साक्षीदारांसमक्ष आम्ही आमचा मुलगा यांच्या मांडीवर दिला आणि यांनी तो दत्तक म्हणून स्वीकारला’ असे भूतकाळी वाक्य हवे. ‘दत्तक देण्याचे ठरविले आहे’ एवढेच लिहिलेले असेल तर तो इराद्याचा पुरावा झाला, दत्तकाचा नव्हे. घेणाऱ्याला वर सांगितलेली अपत्ये हयात नाहीत, मूल आधी कोणाला दत्तक गेलेले नाही, पती-पत्नींची संमती आहे आणि कोणताही मोबदला दिला-घेतला नाही, ही विधानेही त्यात असावीत. मोबदला घेणे किंवा देणे हा या कायद्याखालीही गुन्हा आहे. विधीची छायाचित्रे व निमंत्रणपत्रिका जपून ठेवाव्यात. वाद झाला तर त्याच बोलतात.

दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरीही ती टाळू नये. देणारे आणि घेणारे दोघांच्या सह्या असलेले, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले दत्तकपत्र असेल तर दत्तक कायदेशीर झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर जातो. नोटरीपुढे केलेल्या स्टँपपेपरला हे बळ नाही. खर्च वाचवण्यासाठी नोटरीवर थांबणारी कुटुंबे नेमक्या या एका गोष्टीला मुकतात.

दत्तक एकदा वैध झाले की घेणाऱ्याला ते रद्द करता येत नाही आणि मुलालाही जन्मघरी परत जाता येत नाही. दत्तकाच्या दिवसापासून जन्मघरातील वारसाहक्क संपतो. मात्र त्याआधी जी मिळकत मुलाच्या नावे आलेली असेल ती त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या बाजूने, दत्तक घेतले म्हणून दत्तक पित्याचे हात बांधले जातात असेही नाही. करारात तसे ठरलेले नसेल तर तो आपली मिळकत हयातीत किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकतो. सातबाऱ्यावर नाव चढावे एवढ्यासाठीच पुतण्याला दत्तक देणाऱ्या घरांनी हे कलम आधी नीट वाचावे. केवळ जमिनीचा प्रश्न असेल तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र पुरते. त्यासाठी मुलाचे वडील बदलण्याचे कारण नाही.

एक मुलगी असलेल्या जोडप्याला दुसरी मुलगी दत्तक घ्यायची असेल तर १९५६ चा कायदा अडवतो. इथे २००९ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा आहे: मूल बाल न्याय कायद्याच्या कक्षेतले, म्हणजे अनाथ, टाकून दिलेले किंवा स्वाधीन केलेले असेल, तर त्या कायद्याने असे दत्तक घेता येते.

‘कारा’ची वाट

संस्थेतील मूल घ्यायचे असेल तर नोंदणी ‘कारा’च्या ऑनलाइन पोर्टलवरच होते. कोणत्याही संस्थेत ओळख लावून क्रमांक पुढे सरकत नाही, आणि ‘सरकवून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. जोडप्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते, मूल आणि पालक यांच्या वयात २५ वर्षांहून कमी अंतर चालत नाही आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त नसावी, एकट्या व्यक्तीचे वय ४० पेक्षा. मुलाचे वय वाढेल तशी ही मर्यादा सैल होते आणि आठ वर्षांपुढील मुलासाठी ती अनुक्रमे ११० आणि ५५ पर्यंत जाते. दोन किंवा अधिक अपत्ये असलेल्या जोडप्यांना विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना घर मिळणे अवघड जाते अशाच मुलांचा विचार करता येतो. नात्यातले आणि सावत्र अपत्य यांना ही अट लागू नाही.

नोंदणीनंतर समाजकार्यकर्ता घरी येतो आणि गृह अध्ययन अहवाल तयार करतो. ही परीक्षा समजून घर सजवण्याची गरज नसते. उत्पन्न, आजार, आधीचा विवाह, घरातील ज्येष्ठांचा विरोध, जे असेल ते सांगावे. लपवलेला आजार नंतर कळला तर अहवालाची विश्वासार्हता जाते. यानंतरची प्रतीक्षा वर्षांच्या मापाची असते, विशेषतः लहान आणि निरोगी बाळासाठी. आणि मग एके दिवशी संदेश येतो, मुलाचे छायाचित्र, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल समोर उघडतात आणि मूल राखून ठेवण्यासाठी ४८ तास मिळतात. ते घालवू नयेत म्हणून वैद्यकीय अहवाल वाचून समजावून सांगेल अशा बालरोगतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवावे. या टप्प्यावर वकिलापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात.

स्वीकृतीनंतर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येऊ शकते आणि संस्थेमार्फत आदेशासाठी अर्ज जातो. १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश दिवाणी न्यायालय नव्हे तर जिल्हाधिकारी देतात. अर्जाचा निकाल दोन महिन्यांत लागावा अशी तरतूद आहे आणि आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. सरळ प्रकरणात स्वतंत्र वकील लागत नाही. अर्ज अडला किंवा फेटाळला गेला तर मात्र लगेच घ्यावा, कारण मुदत छोटी आहे. आदेशानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाची पाठपुरावा भेट होते.

रुग्णालयातून, ओळखीच्या आयाबाईकडून किंवा एखाद्या ‘ताईंकडून’ थेट मिळणारे बाळ घरी आणू नये. पालकांच्या नावाचा खोटा जन्मदाखला आणि शंभर रुपयांचे प्रतिज्ञापत्र यांनी दत्तक होत नाही. अनाथ, टाकून दिलेले किंवा स्वाधीन केलेले मूल कायद्याबाहेर देणे किंवा घेणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि विक्रीचे कलम त्याहून कडक आहे. एखादी आई खरोखरच बाळ सांभाळू शकत नसेल तर तिला बालकल्याण समितीकडे किंवा १०९८ या क्रमांकाकडे न्यावे. स्वाधीन केल्यानंतरही फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात, आणि ते तिला मिळालेच पाहिजेत.

नात्यातले आणि सावत्र अपत्य

बाल न्याय कायद्याखालीही नात्यातले मूल घेता येते आणि तिथे धर्माची अडचण नाही. परंतु ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच. चुलतभावाचे मूल यात बसत नाही. जन्मदात्यांची संमती आणि पाच वर्षे वा त्याहून मोठ्या मुलाची स्वतःची संमती लागते. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे आणि ते मूल सज्ञान झाल्यावर संपत असे. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याने दत्तक घेता येते हे स्पष्ट केले. बहिणीचे मूल घेऊ इच्छिणाऱ्या एका घटस्फोटित स्त्रीचा अर्ज, ती नोकरी करते म्हणून मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही, या कारणाने भुसावळच्या न्यायालयात फेटाळला गेला होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एकट्या कमावत्या स्त्रीला कोणी हेच कारण सांगत असेल तर हा निर्णय दाखवावा.

सावत्र अपत्याच्या प्रकरणात सगळे अडते ते दुसऱ्या जन्मदात्याच्या संमतीवर. तो हयात नसेल तर मृत्युदाखला पुरतो. तो हयात असेल तर त्याची लेखी संमती हवी, आणि ताब्याचा दावा चालू असेल तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. म्हणून घटस्फोटाच्या तडजोडीची कलमे लिहिली जात असतानाच पुढच्या दत्तकाचा विषय वकिलाकडे काढावा. शाळेत सावत्र वडिलांचे आडनाव लावले म्हणजे दत्तक झाले असे नव्हे.

परदेशातील कुटुंबे

साताऱ्यातील भाचीला दत्तक घेऊन अमेरिकेला न्यायचे असेल तर नोंदवलेले दत्तकपत्र एकटे पुरत नाही. त्या देशातील अधिकृत यंत्रणेची मान्यता आणि ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र दोन्ही लागतात, २०२१ च्या दुरुस्तीनंतर १९५६ च्या कायद्याने केलेल्या दत्तकासाठीही ते मिळण्याची सोय झाली आहे. आधी त्या देशातील यंत्रणेशी बोलावे, मग इथे विधी करावा. उलट क्रमाने गेलेली कुटुंबे व्हिसाच्या टप्प्यावर अडकतात. उलट दिशेची अडचणही आहे: नात्यातील अमेरिकन नागरिक असलेले मूल भारतात दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्याला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. अशा मुलासाठी त्याच्या नागरिकत्वाच्या देशातील प्रक्रियाच आधी करावी लागते.

खर्च आणि नंतरची कामे

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, म्हणून पती-पत्नींपैकी पत्नीनेही अर्जदार असणे सोयीचे. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. खासगी वकील निवडताना त्याने याआधी दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवले आहे का आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे दत्तकाचे प्रकरण चालवले आहे का, हे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. एकाचा अनुभव दुसऱ्याला फारसा कामी येत नाही.

आदेशाच्या किंवा दत्तकपत्राच्या प्रमाणित प्रती एकाच वेळी जास्त काढून घ्याव्यात. आधी जन्मदाखला बदलावा, त्यानंतर आधार, शिधापत्रिका, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट; क्रम उलटला की प्रत्येक खिडकीवर जुने नाव परत येते. आईवडिलांनी स्वतः दिलेल्या मुलाच्या बाबतीत नगरपालिकेने न्यायालयाचा आदेश मागितला तर तो या वाटेवर लागतच नाही हे लेखी अर्जाने कळवावे आणि नकारही लेखीच मागावा. विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँकेतील नामनिर्देशन त्याच आठवड्यात बदलून घ्यावे.