चाळिशी-पन्नाशीतला ताण: या चुका टाळा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला काहीही झालं की घरातलं कोणीतरी निदान करून मोकळं होतं: "तू टेन्शन फार घेतोस." झोप येत नाही, टेन्शन. केस गळतात, टेन्शन. छातीत धडधडतं, टेन्शन. उपायही ठरलेले: प्राणायाम कर, मोबाईल बाजूला ठेव, नाहीतर दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला जाऊन ये. यातलं काही वाईट नाही. पण ज्याचं थायरॉइड बिघडलंय, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर आहे, मुलगी बारावीला आहे आणि गृहकर्जाचे हप्ते अजून बारा वर्षं फेडायचेत, तो शिबिराहून परत येतो ते त्याच घरात. आधी मोजा, मग लिहून काढा, मग कामं वाटून द्या. डोळे मिटून बसायचं ते त्यानंतर. लोक नेमका हा क्रम उलटा करतात.

न तपासताच "ताण" म्हणणं

थकवा, चिडचिड, वजन वाढणं, विसरभोळेपणा ही यादी ताणाची आहे, तशीच ती थायरॉइडची, कमी हिमोग्लोबिनची, बी-१२च्या कमतरतेची आणि वाढलेल्या साखरेचीही आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि लिपिड (कोलेस्टेरॉल) एवढं एकदा करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, ६.५ किंवा पुढे असेल तर तो आलेला आहे. डॉक्टर खात्रीसाठी एकदा पुन्हा तपासायला सांगतील. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉइडची गोळी चहासोबत घेणाऱ्यांना तर हात जोडावेत. ती उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

बायकांच्या बाबतीत ही चूक जास्त महागात पडते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं शरीर कुरकुरत असतं. रात्री घामाने जाग येणं, धडधड, कारण नसताना रडू येणं या सगळ्याला घरात "हिचा स्वभावच बदललाय" असं नाव मिळतं. स्वभावावर औषध नाही, या त्रासावर आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्या.

सत्तर-ऐंशी तपासण्यांची स्वस्त पॅकेजं मात्र टाळा. इतके आकडे काढले की एखादा चौकटीबाहेर जाणारच, आणि पुढचा महिना त्या एका ठळक छापलेल्या आकड्याच्या धास्तीत जातो.

बीपीच्या यंत्राशी खेळ

घरोघरी यंत्रं आली हे चांगलं झालं, पण ती वापरायची कशी हे कोणी वाचलेलं नसतं. नेहमीचा प्रकार असा. सत्तेचाळिशीचा गृहस्थ ऑफिसातून येतो, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढतो, दारातच मुलाच्या मार्कांवरून वाजतं. त्याच आवेशात सोफ्यावर पायावर पाय टाकून तो शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधतो, हात मांडीवर लोंबता ठेवतो आणि बोलता बोलता बटण दाबतो. येतात १६८. घाबरून पुन्हा मोजतो, १७४. मग वडिलांच्या डब्यातली गोळी अर्धी करून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी १२२ येतात, म्हणून गोळी बंद. चार दिवसांनी पुन्हा तेच. असं सहा महिने चालतं आणि तोवर बीपी खरंच आहे की नाही हे कोणालाच कळलेलं नसतं.

यात प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलणारी आहे: चढलेला दम, राग, बोलणं, दुमडलेला पाय, हृदयाच्या पातळीखाली लोंबणारा हात. लघवी अडवून धरली तरी आकडा वाढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर रोजच खोटा जास्त आकडा मिळेल. टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. मनगटावरची यंत्रं शक्यतो नकोतच.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणूनच कोणी करत नाही. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, आणि पुन्हा संध्याकाळी. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० धरतात. सात दिवस झाले की यंत्र कपाटात. दिवसातून आठ वेळा मोजणाऱ्याचं बीपी मोजण्यानेच वाढतं.

आणि गोळी. अॅम्लोडिपिनसारखी गोळी रक्तात स्थिरावायलाच आठवडा लागतो. "आज जरा जास्त वाटतंय" म्हणून ती एक दिवस घेणं हा निव्वळ विधी झाला. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल या जातीच्या गोळ्या अचानक बंद करणं तर घातक, नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. गोळी रोज घेणाऱ्याला १२२ येतात ते गोळीमुळेच येतात, हे समजायला एवढं अवघड का जातं कोण जाणे.

गोळ्या नियमित असूनही बीपी उतरत नसेल तर चार ठिकाणी बघा. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, ताटातलं पापड-लोणचं-फरसाण, आणि घोरणं. दिवसभराचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चमचाभराहून कमी. घोरताना मध्येच श्वास अडकून दचकून जाग येत असेल आणि दुपारी मीटिंगमध्ये डुलकी लागत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. ही माणसं वर्षानुवर्षं "ऑफिसच्या स्ट्रेसने थकलोय" म्हणत राहतात.

सगळं घर एकाच्या डोक्यात

ही माझ्या लेखी सगळ्यांत मोठी चूक, आणि सुशिक्षित घरांत जास्त. एका घरात घडलेलं सांगण्यासारखं आहे. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साताऱ्याला थोरल्या मुलाकडे. मुलगी डोंबिवलीला, धाकटा न्यू जर्सीला. गोळ्या, डॉक्टर, पॉलिसी, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं थोरल्या सुनेकडे. ती भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेली त्या रात्री वडील बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात पहिला प्रश्न: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? थोरला म्हणाला, एक गुलाबी आहे आणि एक अर्धी पांढरी. सुनेचा फोन हळदीच्या गोंगाटात पर्समध्ये. थोरला घरी जाऊन डबा घेऊन आला, तर सात खणांत सुट्या गोळ्या. स्ट्रिप मिळाली ती मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली, नावाचा भाग दुकानातच राहिलेला.

सकाळी फोन लागला आणि कळलं की गुलाबी गोळी रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलची, स्टेंट घातल्यापासून चालू. ती चालू असताना पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर धजत नाहीत, कारण तिथे रक्तस्राव होऊ शकतो. तसं करायचं ठरलेलं ऑपरेशन अडलं, भुलीचा बेत बदलावा लागला, हृदयाच्या डॉक्टरांना बोलवावं लागलं. इकडे धाकटा विचारतोय, "दादा, किती पाठवू?" आणि दादा म्हणतोय, "पैसे राहू दे रे, पॉलिसीचा नंबर आहे का तुझ्याकडे?" नव्हता. बहिणीकडेही नव्हता.

यावर उपाय म्हणजे एक ए-फोर कागद. त्यावर नाव, जन्मतारीख, आजार आणि ते कधीपासून, स्टेंट किंवा आधीची ऑपरेशनं, अॅलर्जी. मग गोळ्या: नाव, मिलिग्राम, वेळ, कशासाठी. रक्त पातळ करणारी असेल तर तिच्याखाली लाल रेघ. खाली डॉक्टरांचे फोन, पॉलिसीचा आणि टीपीएचा (विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेचा) नंबर. वर तारीख. एक प्रत फ्रिजवर, एक आधार-पॅनच्या झेरॉक्ससह फाइलमध्ये, फोटो सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये. गोळी बदलली की कागद नवा, जुना फाडायचा. जुना कागद नसलेल्या कागदापेक्षा वाईट. मेडिकलमधून पूर्ण स्ट्रिप घ्या आणि गोळ्या अशा काढा की नाव आणि एक्स्पायरीचा भाग शेवटपर्यंत राहील.

दुसरी गोष्ट वाटणीची. "वहिनी, काही लागलं तर सांगा हं" ही मदत नाही. काय लागणार आहे ते आठवत राहणं हेच खरं काम, आणि ते तुम्ही पुन्हा वहिनीवरच ढकललं. पैशांची वाटणी सगळे करतात, कामांची करा. लांबचा भाऊ दर महिन्याच्या गोळ्या ऑनलाइन मागवू शकतो, विम्याचा हप्ता आणि लाइट बिल भरू शकतो, रिपोर्टची फाइल ठेवू शकतो. बहिणीकडे महिन्यातला एक शनिवार-रविवार, तारीख कॅलेंडरवर लिहिलेली, आणि त्या दोन दिवसांत वहिनीला फोनसुद्धा करायचा नाही.

आई-वडील सत्तरीपुढचे असतील तर आयुष्मान भारतचं कार्ड आजच काढून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार योजनेतल्या हॉस्पिटलांत होतात. कार्डाला आधारची पडताळणी लागते. अॅडमिटच्या दिवशी थरथरत्या बोटांचे ठसे घेत बसू नका.

रागाच्या भरात राजीनामा

राजीनाम्याला विरोध नाही, घाईला आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि त्यात आई-वडीलही असतात. नवीन वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून चाळिशीतच स्वतःची वेगळी पॉलिसी हवी, बीपी-शुगर न लपवता घेतलेली. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोटीस पीरियड सुरू व्हायच्या आधी विचारा. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असतील तर बॉसशी बोलतानाचा सूरही आपोआप वेगळा लागतो.

थोडक्यात संपणाऱ्या चुका

झोप भरून काढायला रविवारी अकरापर्यंत लोळणं: रविवारची रात्र बिघडते. उठायची वेळ सातही दिवस तीच ठेवा, झोपायची आपोआप जागेवर येते.

संध्याकाळी सहाचा कडक चहा: त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग अकरा वाजताही अंगात असतो. शेवटचा कप दुपारी दोन-तीनला.

झोपेसाठी "दोनच पेग": डोळा लवकर लागतो, तीनला टक्क उघडतो.

वीस वर्षं न पळालेल्याने मित्रांच्या नादाने थेट दहा किलोमीटरला नाव देणं. आधी आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं भरभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. घरात कमी वयात हार्ट अॅटॅकचा इतिहास असेल किंवा बीपी-शुगर असेल तर पळण्याआधी डॉक्टरांना विचारा. अधीर मंडळी पहिल्या पंधरवड्यातच गुडघा धरून घरी बसतात.

श्वासाचे अवघड प्रकार शिकण्यात महिना घालवणं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसल्या जागी होतं.

छातीत दाब आणि घाम आल्यावर अॅसिडिटी म्हणून सोडा पिऊन थांबणं. दाब जबड्यात, डाव्या हातात, पाठीत जात असेल, दम लागत असेल तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच उठून येऊ नका. काही तासांनी तो आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) पुन्हा बघावं लागतं. बायकांमध्ये नुसता थकवा, मळमळ, पाठदुखी एवढंही असू शकतं.

शेजारणीची झोपेची गोळी

अल्प्राझोलामची पाव-अर्धी गोळी घरोघर फिरते. ती चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नाही, तरी मिळते. काही आठवड्यांत शरीराला सवय लागते, मग तेवढ्याने झोप येत नाही, आणि एकदम बंद केली तर घबराट दुप्पट होते, कधी फिट येते. दारूबरोबर तर श्वासावरच परिणाम होतो. आधीच महिनोन्‌महिने घेत असाल तर स्वतःहून थांबवू नका. मानसोपचारतज्ज्ञ ती थोडी थोडी कमी करत आणतात. अश्वगंधाही "आयुर्वेदिकच आहे" म्हणून डोळे झाकून नको, यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत आणि थायरॉइडच्या गोळीशी तिचं जमेलच असं नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक-झोप उडाली असेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असं घरात कोणी बोललं तर "असं काही बोलू नये" म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, जवळ थांबा, गोळ्यांचा डबा आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मानसिक आजाराला विमा मिळत नाही ही समजूतही जुनी झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी तो शारीरिक आजारासारखाच धरायचा असतो. तुमच्या पॉलिसीत अॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च मिळतो का, तेवढं कागदावर बघून घ्या.