ताळा जुळला तरी उत्तर चुकतं: एकसामयिक समीकरणांतल्या या चुका टाळा

घणसोलीला माझ्या घरी संध्याकाळी दहावीची मुलं गणिताला येतात. पद्धत बहुतेकांना येते, मार्क जातात ते एका चिन्हापायी. परवाचंच एकसामयिक समीकरणांचं गणित बघा, म्हणजे दोन्ही समीकरणांत बसतील अशा क्ष आणि यच्या किमती काढायच्या:

२क्ष + ३य = १२
२क्ष − ५य = −४

एका मुलीने खालचं समीकरण वरच्यातून वजा केलं आणि लिहिलं, −२य = ८. म्हणजे य = −४. ही किंमत पहिल्या समीकरणात घालून क्ष = १२ आलं. तिने ताळाही केला, २४ − १२ = १२. जुळला! पोरगी खूश, आणि उत्तर साफ चूक.

झालं असं, की तिने वजाबाकी फक्त २क्षची केली, उरलेल्या पदांची बेरीज झाली. ३य मधून −५य गेले की ८य उरतात, १२ मधून −४ गेले की १६. म्हणून य = २, क्ष = ३. खालच्या समीकरणाच्या तिन्ही पदांखाली बदललेलं चिन्ह पेन्सिलने लिहा आणि मग सरळ बेरीज करा. तोंडी करायला जाऊ नका, हुशार मुलंही इथेच घसरतात.

आणि ताळा? क्षची किंमत ज्या समीकरणातून काढली, त्यात ती बसणारच. दुसऱ्यात घातली असती तर २४ + २० = ४४ आले असते, हवे होते −४. ताळा नेहमी न वापरलेल्या समीकरणात करायचा. हे मी दर आठवड्याला सांगते आणि सांगत राहणार.

शाब्दिक उदाहरणात चूक पहिल्याच ओळीत होते. समजा, ठाणे स्टेशनबाहेर ३ वडापाव आणि २ चहाचे ८५ रुपये झाले, २ वडापाव आणि ३ चहाचे ८०. मुलं लिहितात, 'क्ष = वडापाव'. वडापाव ही संख्या नव्हे. 'एका वडापावची किंमत क्ष रुपये, एका चहाची य रुपये' असं पूर्ण लिहा. इथे सहगुणकांची (क्ष आणि यला गुणणाऱ्या आकड्यांची) अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे गुणाकार करत बसू नका. बेरजेतून ५क्ष + ५य = १६५, म्हणजे क्ष + य = ३३, वजाबाकीतून क्ष − य = ५. वडापाव १९ रुपये, चहा १४.

अशीच समीकरणं सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक (आकड्यांची चौकोनी मांडणी, जिच्यातून एक संख्या काढतात) मांडण्याआधी दोन्ही समीकरणं एकाच क्रमात आणा: क्ष, य, मग बरोबरच्या उजवीकडे स्थिरपद.

अकरावीत फंक्शन (क्ष घातला की ठरलेल्या नियमाने एक किंमत देणारं) आलं की कंस विसरतात. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(−२) म्हणजे (−२)² − ३(−२) = ४ + ६ = १०. क्षच्या जागी काहीही घालताना आधी रिकामा कंस काढा, मग त्यात किंमत भरा. फ(क्ष + १) आणि फ(क्ष) + १ हेही एक नव्हे. शंका आली तर क्ष = १ घालून बघा: पहिल्याचं उत्तर −२ येतं, दुसऱ्याचं −१.