विजेच्या तारेतून इंटरनेट: जाड भिंतींच्या घरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, प्लेस्टेशन कसं जोडावं

फायबर जोडणारा माणूस येतो, बैठकीतल्या खिडकीशेजारी राऊटर लावतो आणि निघून जातो. टीव्ही असतो आतल्या खोलीत. मधे दीड हात जाडीची मातीची भिंत, वर टिनाचं छप्पर. मागच्या अंगाला नवी स्लॅबची खोली काढलेली, तिथे मुलांचं प्लेस्टेशन. मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप कसंबसं चालतं, पण टीव्हीवर मॅच लावली की ऐन ओव्हरमध्ये चक्र फिरत बसतं. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांत जुन्या घरांची ही रोजची तक्रार आहे.

यात राऊटरचा दोष क्वचितच असतो. जाड माती आणि स्लॅबमधली सळई वाय-फाय अडवते, टिनाचा पत्रा तर लहरी परतच पाठवतो. एक्स्टेंडर लावला तरी तोही हवेतूनच बोलणार, म्हणजे भिंत आडवी आहेच. त्या भिंतीतून एक वस्तू मात्र आधीच पलीकडे गेलेली आहे, ती म्हणजे विजेची तार. पॉवरलाइन अडॅप्टर त्याच तारेतून इंटरनेट नेतो.

राऊटरपासून टीव्हीपर्यंत साधी कॅट-६ लॅन केबल ओढता येत असेल, तर तीच ओढा. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, स्वस्तही पडते. भिंत फोडायची नाही किंवा केबलला वाटच नाही, अशा घरासाठी पुढचं सगळं आहे.

हे चालतं कसं

घरातली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. अडॅप्टर त्याच तारेवर २ मेगाहर्ट्झपासून वरचे संकेत चढवतो. दुसऱ्या टोकाचा अडॅप्टर वीज बाजूला ठेवून तेवढे संकेत उचलतो आणि लॅन केबलने टीव्हीला देतो. म्हणून किमान दोन नग लागतात: एक राऊटरजवळ, एक टीव्हीजवळ. तिसरी खोली असेल तर तिसरा. एक ध्यानात ठेवा, सगळे अडॅप्टर एकाच तारेचा वेग वाटून घेतात. तीन लावले म्हणून वेग तिप्पट होत नाही.

खरेदीआधी वायरिंग बघा

सगळं यश इथे ठरतं. अडॅप्टर कितीही भारी घ्या, घरातली तार साथ देत नसेल तर तो भिंतीवरचा दिवाच राहतो.

पहिली पाहणी इन्व्हर्टरची. आपल्याकडे इन्व्हर्टर असलेल्या घरात बहुधा दोन लाईन फिरतात: पंखे आणि दिव्यांची इन्व्हर्टरवरची, आणि फ्रिज, कूलर, गिझरची थेट मीटरवरची. एक अडॅप्टर या लाईनवर आणि दुसरा त्या लाईनवर लावला, तर संकेत इन्व्हर्टरमधून जाताना मंदावतो आणि वीज गेली की तुटतोच. ओळखायचं सोपं आहे. इन्व्हर्टर चालू ठेवून घराचा मेन स्विच पाडा आणि मोबाईलचा चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघा. चार्ज झालं तर ते सॉकेट इन्व्हर्टरवरचं. राऊटर आणि टीव्ही दोन्हीकडे इन्व्हर्टरचंच सॉकेट मिळालं तर उत्तम. लोडशेडिंगमध्येही चालू राहील. टीव्हीजवळ तसं सॉकेट नसेल, तर वायरमनकडून तेवढी एक तार ओढून घेणं परवडतं.

दुसरी पाहणी फेजची. घरी थ्री फेज मीटर असेल, तर काही खोल्या एका फेजवर आणि काही दुसऱ्यावर असतात. संकेत एका फेजवरून दुसऱ्यावर नीट जात नाही. गावात एक फेज गेला की अर्धं घर अंधारात आणि अर्धं चालू, हा अनुभव सगळ्यांना आहे. पुढच्या वेळी तसं झालं की कागद घ्या आणि कुठली खोली कुठल्या वेळी बंद पडली ते लिहून ठेवा. वायरमनला न बोलावता फेजचा नकाशा तयार होतो.

वाड्याच्या वाटण्या होऊन भावांची मीटरं वेगळी झाली असतील, तर या घरातून त्या घरात पॉवरलाइन चालेल अशी आशा धरू नका. मीटर ओलांडून संकेत पोहोचला तरी तो थकलेला असतो. तिथे अंगणातून पाइप टाकून लॅन केबल न्यावी.

तिसरी पाहणी अर्थिंगची. साधे अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलवरच चालतात, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या बोर्डावरही जोड मिळतो. पण काही नवे अडॅप्टर अर्थची तारही कामाला लावतात आणि वेग वाढवतात. इंटरनेटचं बाजूला ठेवा, तरी अर्थिंग तपासाच. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. वायरमन घरी आलाच आहे तर अर्थिंगचा खड्डा बघून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि पट्टी गुंडाळून जोडलेल्या तारा नीट कनेक्टरने जोडायला सांगा. ढिला जोड संकेतही खातो आणि आगही लावतो.

विकत काय घ्यावं

बॉक्सवर ६००, १०००, २००० असे एमबीपीएसचे, म्हणजे वेगाचे आकडे असतात. ते आदर्श परिस्थितीतले. घरात त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी मिळणं नेहमीचं आहे, त्यामुळे बिचकू नका. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर दोन टीव्ही सहज चालतात.

होमप्लग एव्ही२ मानकाचा जोड घ्या, किंवा जी.एचएनचा, पण एका घरात दोन्ही मिसळू नका. ते एकमेकांशी बोलत नाहीत. लॅन पोर्टचा वेगही वाचा. ६००च्या कितीतरी अडॅप्टरना पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. पिन आपल्या थ्री-पिन सॉकेटची आहे ना हे दुकानातच बघा. युरोपातला दोन गोल पिनांचा नग कन्व्हर्टर लावून बसवला की तो ढिला बसतो आणि अनेकदा अर्थही तुटतो. अंगावर सॉकेट असलेला अडॅप्टर मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, कारण पुढे त्याचा मोठा उपयोग आहे.

जोडणी

आधी दोन्ही अडॅप्टर राऊटरच्याच खोलीत, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावा. एकाचं पेअर बटण साधारण सेकंदभर दाबा, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. पॉवरलाइनचा दिवा स्थिर झाला की जोडी जमली. पेअर करणं टाळू नका, दिवा आपोआप लागला तरीही. नव्या जोड्यांची कारखान्यातली ओळख सारखीच असते. पेअर केल्यावर तुमच्या घराची वेगळी किल्ली तयार होते आणि शेजारच्या घरातला तसाच अडॅप्टर तुमच्या जाळ्यात शिरत नाही.

आता पहिल्यातून राऊटरच्या लॅन पोर्टला केबल द्या. दुसरा उचलून टीव्हीजवळच्या सॉकेटला लावा आणि टीव्हीच्या लॅन पोर्टला केबल जोडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कसाठी वायर्ड निवडा. पासवर्ड लागत नाही, पत्ता राऊटर स्वतः देतो. तिसरा अडॅप्टर जोडायचा झाला तर आधीच्या एकाचं पेअर बटण दाबून नव्याचं दाबायचं.

अडॅप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्येच लावा. स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर किंवा यूपीएसच्या पुढे लावला तर आतले फिल्टर संकेतालाच खोट समजून गाळून टाकतात. बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं. एक्स्टेंशन बोर्ड लागतोच ना? मग तो अडॅप्टरच्या अंगावरच्या सॉकेटमध्ये लावा आणि टीव्ही, होम थिएटर त्या बोर्डावर. अशा सॉकेटला बहुधा आतून फिल्टर असतो, त्यामुळे त्या उपकरणांची खरखर तारेत उतरत नाही.

टीव्हीखाली तीन-चार वस्तू असतील तर पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच घ्या. अडॅप्टरची केबल एका पोर्टमध्ये, उरलेल्यांत टीव्ही, अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्स, प्लेस्टेशन, होम थिएटर. त्यात काहीही सेट करावं लागत नाही. फायर टीव्ही स्टिकला लॅन पोर्ट नसतो. तिच्यासाठी छोटा इथरनेट अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

वेग कमी वाटला तर

टीव्हीच्या ब्राउझरमध्ये किंवा लॅपटॉप जोडून वेग मोजा. मग घरातली एकेक वस्तू बंद करत पुन्हा मोजा. कूलरची मोटर, पाण्याची मोटर, मिक्सर, स्वस्त चार्जर आणि पंख्याचे रेग्युलेटर तारेत गडबड करतात. एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसभर चालतो, म्हणून राऊटरचं किंवा टीव्हीचं सॉकेट कूलरच्या बोर्डावर ठेवू नका. अडॅप्टर स्वतःही गरम होतो. चंद्रपूरसारख्या उन्हात त्याला कपाटामागे कोंडू नका, मोकळी हवा असू द्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वीज गेल्यावर वेग घसरला, तर ती इन्व्हर्टरची खरखर आहे. साइन वेव्हवर सहसा हा त्रास कमी असतो.

पावसाळ्यात

अडॅप्टर स्पाइक गार्डशिवाय बसतो, म्हणजे डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) किंवा विजेच्या कडकडाटातून आलेला झटका तो अंगावर घेतो आणि लॅन केबलने टीव्हीपर्यंतही पोहोचवू शकतो. मीटरजवळच्या बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला तर धोका कमी होतो, आणि संकेतही अडत नाही कारण तो घराच्या तोंडाशीच असतो. तरीही मृगाचा पाऊस सुरू झाला, ढग गडगडायला लागले की अडॅप्टर आणि राऊटर सॉकेटमधून उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात.