मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्रात देणगी कशी लिहावी

मृत्युपत्रातून शिक्षणासाठी काही ठेवून जावे असे मनात आले की बहुतेकांचा विचार रकमेपाशीच घोटाळतो. पण अशी देणगी मुलांपर्यंत पोहोचते की मध्येच अडकते, हे बरेचसे त्या एका कलमाच्या लिखाणावर ठरते, कारण ते वाचले जाईल तेव्हा खुलासा करायला लिहिणारा नसतो. ‘धर्मासाठी’ ठेवलेली मिळकत हेतू अनिश्चित असल्यामुळे रद्दबातल ठरते, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय) 1899 मध्ये मुंबई इलाख्यातून आलेल्या एका दाव्यात दिला होता, आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्येही अनिश्चित दान निरर्थक मानले आहे. म्हणून ‘काही रक्कम सत्कार्याला द्यावी’ एवढे लिहून भागत नाही. किती, कोणाला आणि कशासाठी, या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत.

त्याआधी देण्याजोगे आपले काय आहे ते पाहावे. स्वकष्टार्जित मिळकत हिंदू व्यक्तीला मृत्युपत्राने हवी तशी देता येते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. बडोद्यात दांडिया बाजारातले किंवा रावपुऱ्यातले जुने घर आजोबांच्या नावावरून अजून उतरलेलेच नसेल, तर आधी त्यावर वारसांची नावे लावून घ्यावीत, मग दानाचा विचार करावा. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. आपल्यावर अवलंबून असलेल्यांची सोय आधी लावावी, हे तर सांगायलाच नको. ती नसेल तर वाद देणगीच्याच कलमावर येऊन थांबतो.

संस्था निवडताना नावावर विसंबू नये. मिळत्याजुळत्या नावांचे ट्रस्ट पुष्कळ असतात, म्हणून पूर्ण नाव, पत्ता आणि धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक लिहावा. गुजरातेत हा क्रमांक सहसा ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षर, आकडा आणि पुढे वडोदरा अशा स्वरूपाचा असतो. आयकर कायद्याखालची नोंदणी चालू आहे का तेही पाहावे, कारण ती आता ठरावीक मुदतीची असते. माझ्या मते सर्वांत चांगली कसोटी म्हणजे हयातीतच त्या संस्थेला थोडी रक्कम देऊन पाहणे. पावती किती दिवसांत येते, वर्षाअखेर हिशेब मागितला तर कपाळाला आठ्या पडतात का, शिष्यवृत्ती मिळालेली मुले कशी निवडली हे कोणी नीट सांगते का, यांतून जे कळते ते छापील अहवालातून कळत नाही. देणगीबद्दल आयकरातली वजावट मिळायची असेल तर तीही पात्र करदात्याला हयातीत दिलेल्या देणगीवरच मिळते. मृत्युपत्रातल्या देणगीने कर वाचत नाही आणि तशी गरजही नाही, कारण आपल्याकडची इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मिळकतीवरचा कर, 1985 मध्येच रद्द झाली.

आता हेतू. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सुरू केले आणि 1906 मध्ये ते सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केले. आज 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. खरी ओढाताण सुरू होते ती नववीपासून: बसचा पास, शिकवणी, परीक्षेची फी, आयटीआय किंवा डिप्लोमाचा प्रवेश, वसतिगृह. देणगी कोणत्या टप्प्यासाठी आहे हे ठरवताना हे ध्यानात घ्यावे. मात्र हेतू फार आवळूही नये. ‘अमुक शाळेतल्या मराठी माध्यमाच्या सातवीच्या विद्यार्थ्याला दरवर्षी पाटी-पुस्तके’ असे कलम भावनेने लिहिले जाते, पण बडोद्यात मराठी माध्यमाच्या वर्गांची स्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. वर्गच बंद झाला तर पैसे पडून राहतात आणि हेतू बदलून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. प्राधान्य जरूर सांगावे, पण त्यापुढे ‘असा विद्यार्थी न मिळाल्यास’ ही वाट मोकळी ठेवावी.

मुद्दल कायम ठेवून व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची असेल तर आधी हिशेब मांडावा. पाच लाखांवर सात टक्के धरले तरी वर्षाला पस्तीस हजार होतात, आणि महागाईमुळे वीस वर्षांनी त्यांची किंमत बरीच उतरलेली असेल. त्यापेक्षा दहा वर्षांत मुद्दलासह सगळे खर्च करावे, असे सांगितले तर दोन-तीन मुलांचे शिक्षण पुरते होऊ शकते. स्वतःच्या नावाचा वेगळा ट्रस्ट काढण्याचा मोह अनेकांना होतो. विश्वस्त शोधणे, दरवर्षी हिशेब तपासून घेणे, विवरणपत्रे भरणे हे सगळे छोट्या रकमेला परवडत नाही. चालू संस्थेकडेच आई-वडिलांच्या नावाने निधी ठेवणे सोपे.

रकमेचे लिखाणही जपून करावे. ‘अमुक बँकेतील अमुक क्रमांकाची मुदत ठेव संस्थेला’ असे लिहिले, आणि ती ठेव मोडली किंवा नव्या पावतीत बदलली, तर ते दान बुडण्याचा धोका असतो. ठरावीक आकड्याला दुसरी अडचण आहे: आजारपणाने शिल्लक आटली तरी आकडा तसाच राहतो आणि घरच्यांच्या वाट्याला कमी येते. म्हणून कर्जे, अंत्यविधी आणि विशिष्ट वाटे भागवून उरलेल्या मिळकतीचा ठरावीक टक्का देणे मला जास्त सुरक्षित वाटते. फ्लॅट द्यायचा असेल तर तो संस्थेच्या नावे न करता व्यवस्थापकाने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला आपण नेमलेल्या व्यक्तीने) विकून रक्कम द्यावी असे लिहावे, कारण सार्वजनिक ट्रस्टला स्थावर विकायचे तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

कलमाचा नमुना असा: ‘माझी सर्व देणी व वरील वाटे भागवून उरलेल्या मिळकतीपैकी दहा टक्के रक्कम (संस्थेचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता) या संस्थेस द्यावी. संस्थेने ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलामुलींच्या इयत्ता नववीपासून पुढील शिक्षणासाठी वापरावी. माझ्या मृत्यूच्या वेळी सदर संस्था अस्तित्वात नसल्यास किंवा तिने रक्कम न स्वीकारल्यास, व्यवस्थापकांनी त्याच हेतूने काम करणाऱ्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेस ती द्यावी. संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची पावती व्यवस्थापकांस पुरेशी समजावी.’ ‘द्यावी अशी माझी इच्छा आहे’ असे सौम्य शब्द इथे टाळावेत. ते बंधनकारक नाहीत असा अर्थ कोणी काढू शकतो.

बडोद्यातल्या अनेक घरांतली मुले परदेशात आहेत, म्हणून आणखी एक सावधगिरी. ‘सगळे मुलाच्या नावे करतो, तो देईल शाळेला’ असे ठरवू नये. मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर त्याने दिलेले पैसे रुपयांत असले तरी विदेशी देणगी ठरतात, आणि एफसीआरएची (विदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याची) परवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. भारतीय नागरिकाने मृत्युपत्रातून थेट संस्थेला दिले तर हा अडथळा उद्भवत नाही. व्यवस्थापकही शक्यतो इथेच राहणारा, आपल्यापेक्षा वयाने लहान नेमावा आणि पर्यायी नाव द्यावे. कायद्याने त्याला देणग्या चुकत्या करायला मृत्यूपासून एक वर्ष मिळते, तेव्हा संस्थेनेही धीर धरायला हवा.

सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि प्रत्येकाने आपल्यासमोर सही करावी. देणगी घेणाऱ्या संस्थेचा माणूस किंवा वारस साक्षीदार नसावा. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण वादाची शक्यता असेल तर सब-रजिस्ट्रारकडे नोंदवणे आणि त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडणे हिताचे. मृत्युपत्र मराठीत चालते. नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्याला भाषा कळत नसल्यास खरे भाषांतर मागितले जाऊ शकते, म्हणून गुजराती प्रत तयार ठेवावी. बँकेतले नॉमिनी हे मृत्युपत्राशी जुळते आहेत का ते तपासावे. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, पण त्यामुळेच तो साधारणतः मालक होत नाही. तरी दोन नावे वेगळी असली की भांडण होतेच.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो उघडण्यासाठीच आधी कागदपत्रांची धावपळ करावी लागते. ती व्यवस्थापकाकडे द्यावी किंवा मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे जमा करावी, आणि छायाप्रतीवर मूळ कुठे आहे ते लिहून ठेवावे.